नळी, शंकू आणि पट्टी: रस्त्याखालून जाणारा ओढा मोजणाऱ्या संचाचा आढावा

गढूळपणा मोजायची १२० सेंटिमीटरची पारदर्शक नळी, गाळ तळाला बसवून मोजायचा एक लिटरचा इम्हॉफ शंकू, पाण्याची पातळी वाचायची मीटरभर उंचीची गेज पट्टी, किडे पकडायची जाळी आणि सोबत टीडीएस पेन, पीएच पट्ट्या, थर्मामीटर. ‘ओढा तपासणी संच’ मागितला की विक्रेते साधारण एवढं सामान पेटीत घालून देतात. रस्त्यामुळे आणि बांधबंदिस्तीच्या कामांमुळे ओढ्याचं काय होतंय हे या सामानातून खरंच कळतं का, एवढ्यापुरता हा आढावा. निकाल आधीच सांगतो. नळी आणि शंकू जरूर घ्या. पट्टी घ्या, पण बसवताना घाई करू नका. टीडीएस पेनावर पैसे घालू नका. सगळ्यात कामाचं एक साधन तर पेटीत नसतंच, ते गावातल्या गवंड्याकडे असतं.

खान्देशात ही मोजणी का हवी, ते थोडक्यात. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा पट्टा आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेलं पाणी इथे गोट्यांमधून खाली मुरतं आणि त्याच पाण्यावर खालच्या केळीच्या बागांच्या विहिरी आणि कूपनलिका चालतात. गोट्यांमधल्या फटींत बारीक माती बसली की पूर वरच्यावर निघून जातो, खाली काही उतरत नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता शहाद्याकडून रावेरपर्यंत डोंगराला समांतर जातो, त्यामुळे सातपुड्यातून तापीकडे निघालेल्या ओढ्या-नाल्यांची त्याच्याशी कुठे ना कुठे गाठ पडतेच. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांना रस्ता हवाच, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच की रस्त्याच्या कडेची माती ओढ्यात किती जाते, कुठून जाते आणि दुरुस्ती केल्यावर ती थांबते का.

माती येते ती मुख्यतः चार ठिकाणांहून: डोंगर कापून उभी केलेली उघडी दरड, मुरमाच्या साइडपट्ट्या, दरीच्या अंगाला लोटून दिलेला मलबा आणि थेट मोरीत, म्हणजे रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या पाइपात किंवा छोट्या पुलात, नेऊन सोडलेलं कच्चं गटार. चौथं सर्वांत घातक. शंभर-दोनशे मीटर रस्त्याचं पाणी गटारातून गोळा होतं, वाटेत गटाराचा तळ खरवडतं आणि एकाच जागी ओढ्यात पडतं. हेच पाणी मध्येच झाडोऱ्यात सोडलं असतं तर बरीच माती तिथेच अडकली असती.

आता नळी. आतला व्यास साधारण ४४ मिलिमीटर, तळाला काळी-पांढरी चार खणांची सेक्की चकती, बुडाशी रबरी नळी आणि चिमटा. भरायला पावणेदोन-दोन लिटर पाणी लागतं, म्हणून बादली तीन लिटरपेक्षा लहान नको. पाणी ढवळून नळीत ओता, उन्हाकडे पाठ करून नळी स्वतःच्या सावलीत धरा, गॉगल काढा आणि वरून बघत चिमटा सैल करून पाणी हळूहळू सोडा. चकतीवरचे काळे-पांढरे खण वेगळे दिसू लागले की चिमटा बंद करून उंची वाचा. दुसऱ्या माणसाने हेच पुन्हा करायचं आणि दोघांची सरासरी लिहायची. उंची जास्त तितकं पाणी स्वच्छ. सगळ्या कामाला दोन-तीन मिनिटं पुरतात. बॅटरी लागत नाही आणि पावसात भिजलं म्हणून काही बिघडत नाही. कामाच्या सामानात याहून भरवशाची वस्तू नाही.

पण या नळीची एक खोड खान्देशात ठळकपणे दिसते आणि तिच्याबद्दल माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. काळ्या कापसाच्या जमिनीची चिकणमाती अतिशय बारीक असते. ती तासन्‌तास तरंगते आणि थोडीशी असली तरी पाणी अपारदर्शक करते. रस्त्याच्या कडेचा मुरूम आणि वाळू त्याउलट. वजनाने भरपूर असतात, पण नळीत ओतल्याबरोबर खाली बसायला लागतात. चकतीवर रेतीचा थर साचतो आणि वरचं पाणी मात्र निवळलेलं दिसतं. त्यामुळे शेतातून आलेला ओहोळ नळीत वाईट दिसतो आणि मुरमाने भरलेला रस्त्याचा ओहोळ त्यामानाने बरा. नुसत्या नळीवर विसंबणारा माणूस दोष शेतकऱ्यावर टाकून मोकळा होईल. नळीसोबत शंकू घ्या असं आम्ही ठासून सांगतो ते यासाठीच.

इम्हॉफ शंकूत ढवळलेलं पाणी एक लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं आणि ४५ मिनिटं स्थिर ठेवायचं. मग काठीने कडेला चिकटलेला गाळ अलगद सोडवायचा आणि आणखी १५ मिनिटं थांबायचं. तळाला बसलेला गाळ मिलिलिटरमध्ये वाचायचा. खाली वाळूचा थर, वर मातीचा, असा रंगाचा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. तांबूस-पिवळा मुरूम आहे की काळी माती, हे पाहून गाळ रस्त्याचा की शेताचा याचा पहिला अंदाज येतो. काचेचा शंकू घेऊ नका, प्लास्टिकचा घ्या. पेटीत येणारा तारेचा तिवई-स्टँड ओढ्याकाठी उभाच राहत नाही. लाकडी फळीला शंकूच्या मापाचं भोक पाडून ती दोन दगडांवर ठेवली की काम होतं.

मोठ्या पुरात नळीचं वाचन पाच सेंटिमीटरच्या खाली जातं आणि मग वरच्या-खालच्या पाण्यातला फरकच दिसेनासा होतो. अशा वेळी एक भाग नमुन्यात चार भाग स्वच्छ पाणी मिसळा. वाचन ३० आलं तर मूळ पाणी साधारण ६ सेंटिमीटरचं समजा. हे गणित ढोबळ आहे, म्हणून वहीत ‘पातळ केलं’ अशी नोंद हवीच. मिसळायला जड, क्षार असलेलं विहिरीचं पाणी घेतलं तर चिकणमातीच्या गुठळ्या होऊन ती लवकर बसते, म्हणून मिसळल्याबरोबर वाचा.

पाणी कुठून घ्यायचं, इथे बहुतेक जण चुकतात. मोरीच्या लगेच वर एक आणि लगेच खाली एक अशी दोन ठिकाणं धरली जातात. पण कच्चं गटार बहुधा मोरीच्या वरच्या तोंडाशीच ओढ्याला मिळतं, म्हणजे ‘वरचं’ म्हणून घेतलेल्या पाण्यात रस्त्याची माती आधीच आलेली असते. वरचं ठिकाण गटार मिळतं त्याच्याही वर हवं, साधारण ३० ते ५० मीटर. खालचं ठिकाण पाणी पुरतं मिसळल्यावर, ओढ्याच्या रुंदीच्या दहापट अंतरावर धरा. तिसरं ठिकाण म्हणजे खुद्द गटार. वरच्या आणि खालच्या ठिकाणांच्या मध्ये शेताचा चर किंवा दुसरा ओहोळ येऊन मिळत असेल तर ती मोरी सोडून दुसरी निवडा.

वेळेचंही तसंच. सातपुड्याचे ओढे तासा-दोन तासांत चढतात आणि तितक्याच लवकर उतरतात. सर्वांत जास्त माती चढत्या पाण्यात असते. पाण्याची उंची तीच असली तरी उतरत्या पाण्यात गढूळपणा पुष्कळ कमी भरतो. वरचं पाणी चढताना घेतलं आणि खालचं अर्ध्या तासाने, तर आकडे फसवतात. दोन माणसं, एक फोन आणि दर १५ मिनिटांनी दोन्हीकडे एकाच वेळी बादली, निदान पहिले दोन तास. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन निवांत घेतलेल्या वाचनातून रस्त्याबद्दल काहीच कळत नाही. समजा एकाच मिनिटाला वर ४० आणि खाली १२ सेंटिमीटर आलं, गटारात ३ आलं आणि शंकूत खालच्या नमुन्यात तांबूस गाळ बसला, तर दोष कुठे आहे हे सांगायला आणखी पुरावा लागत नाही.

बादलीला दोर बांधून मधल्या धारेतून पाणी घ्या, तळ ढवळू नका. जीव धोक्यात घालायचा नाही, हे मात्र सगळ्यात आधी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांनी वस्तीत पाणी आणलं. अशा दिवशी मोरीच्या कठड्यावर उभं राहून बादली सोडायची नसते. त्या दिवसाचं काम माणसाशिवाय करणारं साधन सोपं आहे. दोन इंची पीव्हीसी पाइप, बुडाशी भोकं, वर हवेला एक भोक, आत लाकडी पट्टी आणि मूठभर कॉर्कचा चुरा. पाणी चढलं की चुरा तरंगत वर जातो आणि उतरताना सर्वांत वरच्या पातळीला पट्टीला चिकटून राहतो. पूर ओसरला की पट्टी काढायची, उंची मोजायची, पुसून परत आत ठेवायची. हे पेटीत नसतं. घरी बनवा.

पेटीतली गेज पट्टी चांगली असते. एनॅमलची, सेंटिमीटरच्या ठळक खुणांची घ्या, स्टिकरवाली नको, एका उन्हाळ्यात तिचे आकडे उडतात. मोरीच्या आत किंवा खालच्या तोंडाशी ती कधीच बसवू नये, तिथे पाणी खेचलं जाऊन पातळी खोटी दिसते. वरच्या बाजूला, सरळ वाहत्या तुकड्यात, ओरखडे न येणाऱ्या आडोशाला बसवा आणि तिचं शून्य पात्राच्या सर्वांत खोल जागेशी जुळवा. मोरीच्या भिंतीवर ऑइलपेंटने एक कायमची खूण करा. पात्र दरवर्षी हलतं, खूण हलत नाही. पट्टीशेजारी पर्जन्यमापक हवाच. महसूल मंडळाचा पावसाचा आकडा मिळतो, पण मंडळाच्या ठिकाणी कोरडं आणि डोंगरात ढग फुटलेला, हे सातपुड्याच्या पायथ्याला नेहमीचं.

आता गवंड्याकडचं साधन. पारदर्शक लेव्हल-नळी, घर बांधताना जोत्याची पातळी काढतात तीच. ओढ्याच्या दोन्ही काठांवर पक्क्या खुंट्या, मध्ये ताणलेली टेप, आणि डाव्या काठापासून दर अर्ध्या मीटरला व जिथे उतार बदलतो तिथे पात्राची खोली. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून पाणी भरताना नळी सावकाश, एका टोकातून भरा आणि प्रत्येक वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी एक दिसते का बघा. शेवटी पहिल्या खुंटीवर परत या. फरक सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर सगळं पुन्हा. हा छेद, म्हणजे पात्राचा आडवा आकार, मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा घ्यायचा, एक मोरीच्या वर, एक खाली. दोन वर्षांचे छेद एकावर एक काढले की पात्र खचतंय की भरतंय हे शाळेतल्या मुलालाही दिसतं.

मोरीच्या खालच्या तोंडाशी थोडा वेळ बसून नीट बघा. तीन मीटर रुंदीचा ओढा ९०० मिलिमीटरच्या एकाच पाइपातून जात असेल, तर पाणी वरच्या बाजूला तुंबून तिथे गाळ टाकतं आणि खाली नोझलसारखं सुटतं. पाइपाच्या कडेखाली कढईसारखा खड्डा पडलेला असतो, कडेचं काँक्रीट पोकळ झालेलं, त्यातून झाडांची मुळं लोंबत असतात आणि पाइपाची कड हवेत. त्या कडेपासून खालच्या पाण्यापर्यंत ओळंबा सोडा आणि दरवर्षी आकडा लिहा. वाढत चाललेला आकडा म्हणजे पात्र खाली खचत चाललंय आणि लहान मासे आता वर चढू शकत नाहीत.

नाला खोलीकरणाच्या कामांनाही हाच छेद लावा. तापीच्या गाळाच्या मऊ थरात नाला खोल आणि रुंद केला की त्याचे काठ उभे राहतात आणि पहिल्या जोरदार पावसात कोसळतात. मुख्य नाला खाली गेल्यामुळे त्याला मिळणारे छोटे ओहोळही मागे मागे खरवडत जातात, शेताच्या बांधापर्यंत घळी पडतात, वरच्या पुलाचा पाया उघडा पडतो. हे सगळं खोदाईच्या जागेपासून लांब, एक-दोन पावसाळ्यांनंतर दिसतं आणि तोवर फलकावर ‘काम पूर्ण’ लिहून झालेलं असतं. छेद खोदाईच्या आधीचा नसेल तर काहीच सिद्ध करता येत नाही.

सलग समतल चर, अनगड दगडी बांध, गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेले बांध) यांची मोजणी आजही बहुतेक ठिकाणी नगांत होते: इतके बांध, इतके मीटर चर. त्यावरून ओढ्याला काय मिळालं ते समजत नाही. दगडी बांधामागे मे महिन्यात लोखंडी सळई तीन ठिकाणी ठोकून गाळाची खोली मोजा, लांबी-रुंदी घ्या आणि पाचरीच्या आकाराचा साठा धरून, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली भागिले दोन, घनमीटर काढा. इंग्रजी व्हीच्या आकाराच्या अरुंद घळीत, बांधालगतची सर्वांत जास्त खोली धरली तर, दोनाऐवजी सहाने भागा. नवा बांध एकाच पावसाळ्यात काठोकाठ भरला तर गाळ अडला म्हणून आनंद मानू नका. वर कुठेतरी उघडी दरड किंवा गटार अजून सुटं आहे, आधी तिकडे जा. आणखी एक: बांध घालतानाच माती उकरली जाते, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यात गढूळपणा कधीकधी वाढलेलाच दिसतो. पहिल्या वर्षावर निकाल देऊ नये. कामाआधीचा निदान एक पावसाळा, नंतरचे दोन-तीन, आणि शेजारचा त्याच उताराचा, त्याच खडकाचा, पण ज्यावर काम झालेलं नाही असा एक जोडीचा ओढा एवढं असेल तर बोलण्याला वजन येतं.

जाळीबद्दल थोडंच. अर्धा मिलिमीटर भोकांची जाळी चांगली, पेटीतली बऱ्याचदा मच्छरदाणीच्या कापडाची असते, तीतून लहान अळ्या निसटतात. शेवटच्या पुरानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मग एकसारख्या खळाळात, एक चौरस मीटरवर तीन मिनिटं पायाने गोटे हलवा आणि खाली जाळी धरा. मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं, दगडाला खडे चिकटवून घर करणाऱ्या कॅडिसच्या अळ्या वर मिळाल्या आणि खाली नुसत्या लाल अळ्या आणि जळवा, तर गोट्यांमधल्या फटी मातीने बुजल्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत अशा कुळांना गुण देऊन सरासरी काढायची पद्धत आहे, तक्ता जवळ ठेवावा. त्याच खळाळात शंभर दगडांची मोजणी करा. वोल्मन यांनी १९५४ मध्ये मांडलेली ही पद्धत सोपी आहे: काठापासून काठापर्यंत चालत, न बघता बोटाच्या टोकाला जो पहिला खडा लागेल तो उचलायचा आणि त्याची मधली बाजू मोजायची, लांब नाही, सर्वांत पातळही नाही. शंभरांत दोन मिलिमीटरपेक्षा बारीक किती, हा आकडा मोरीच्या वर आणि खाली ताडून बघा. डोळ्यांनी निवडून मोठे दगड उचलले की मोजणी वाया गेली.

टीडीएस पेन का नको? ते पाण्यात विरघळलेले क्षार वीजवाहकतेवरून सांगतं. तरंगणारी माती त्याला दिसतच नाही. चहासारखं लाल पाणीही पेनात ‘उत्तम’ ठरतं, आणि तो आकडा ग्रामसभेत कोणी दाखवला तर मोजणीवरचा विश्वासच जातो. पीएच पट्ट्यांचाही या कामात उपयोग नाही.

प्रयोगशाळेची सेवा मात्र एकदा तरी घ्यावी. नळीच्या सेंटिमीटरचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करणारा एकच तक्ता सगळीकडे चालत नाही, माती बदलली की तो बदलतो. त्यासाठी वेगवेगळ्या गढूळपणाचे आठ-दहा नमुने घ्या. प्रत्येकाचं नळीवाचन त्याच क्षणी लिहा आणि लिटरच्या बाटल्या बर्फाच्या डब्यातून पाठवा. तपासणी आयएस ३०२५ भाग १७ प्रमाणे हवी, म्हणजे पाणी गाळून गाळणी १०३ ते १०५ अंशांवर वाळवून वजन करतात ती. पिण्याच्या पाण्याच्या पुष्कळ प्रयोगशाळा ही तपासणी (टीएसएस) करत नाहीत, आधी विचारा. बाटली पाठवताना वरचं निवळलेलं पाणी ओतून देऊ नका, ती पूर्ण नमुन्याची हवी.

टिकाऊपणात नळीला पूर्ण गुण देता येत नाहीत. ॲक्रिलिकला सॅनिटायझर किंवा स्पिरिट लागलं की त्यावर केसासारख्या भेगा पडतात. नुसत्या पाण्याने धुवा, आत कापड घालू नका, अडकलेली वाळू काच घासल्यासारखी घासते. पॉलिकार्बोनेटची मिळाली तर तीच घ्या, ती पडून फुटत नाही. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर बुडाचा सांधा सुटतो आणि रबरी नळी कडक होऊन चिरते. चिमट्यात वाळू अडकून ठिबकत राहणं हा नेहमीचा त्रास, दोन चिमटे आणि वीतभर रबरी नळी जास्तीची मागवा. चकतीवरचा काळा रंग दोन हंगामांत फिकट होतो आणि मग वाचन गुपचूप बदलतं, दर जूनला रंगवा. नळीला ५ पैकी ४, शंकूला ५, पट्टीला ४, अख्ख्या पेटीला ३.

सुटं सामान घेतलेलं परवडतं. डोंगरातले ओढे दिवाळीपर्यंत स्वच्छ वाहतात, तिथे १२० सेंटिमीटरचीच नळी हवी. काळ्या मातीतल्या नाल्याला ६० सेंटिमीटरची पुरते. पांझरा-कान नद्यांच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी सामाईकपणे वापरायच्या जुन्या रीतीत, पाणी वाटणारा पाटकरी असतो, जूनच्या आधी अशा पाण्याशी रोजची ओळख असलेल्या माणसाला सोबत घ्या. वहीचे रकाने एवढेच ठेवा: तारीख, वेळ, ठिकाण, पट्टी, पाणी चढतं की उतरतं, नळीची दोन वाचनं, शंकूतला गाळ आणि त्याचा रंग, पाऊस, वाचणाऱ्याची सही.